शाळामास्तर ते ऑलिंपिक प्रशिक्षक : सय्यद अब्दुल रहीम



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत सामान्यतः विद्वानांची, समाजसुधारकांची आणि दानशूर व्यक्तींची चरित्रे वाचावयास मिळतात, आणि ते योग्यच आहे. या लेखात मात्र मी आपणांस एका फुटबॉल प्रशिक्षकाची ओळख करून देणार आहे. चेंडू खेळविणाऱ्या माणसाचे शिक्षणाच्या स्मरणिकेत काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर होते. बी. ए. झाल्यावर त्यांनी शाळेत मुलांना शिकविले, आणि पुढे देशाच्या संघाची जबाबदारी खांद्यावर आली तेव्हाही त्यांनी मास्तरकी सोडली नाही. फक्त त्यांचा वर्ग चार भिंतींतून मैदानावर आला. त्या वर्गातील विद्यार्थ्यांनी भारताला आशियाई क्रीडास्पर्धेतील फुटबॉलची दोन सुवर्णपदके मिळवून दिली. त्यानंतर तसे पदक आपल्या देशाला पुन्हा मिळालेले नाही.

त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे लोक त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत. आपणही त्यांना त्याच नावाने ओळखू.

जन्म व शिक्षण

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी हैदराबाद ही निजामाच्या संस्थानाची राजधानी होती आणि आपला मराठवाडाही त्याच संस्थानात मोडत असे. शहरात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले होते. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देणारे विद्यापीठ म्हणून त्याची देशभर ख्याती होती. रहीमसाहेब या विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले. अभ्यास आणि खेळ ही दोन टोके आहेत असे आपल्याकडे पुष्कळ पालक मानतात. रहीमसाहेबांनी दोन्ही एकाच वेळी हाती धरली. पुढे ते शहरातील कमर क्लब या नावाजलेल्या संघातूनही खेळले.

खेळाडू म्हणून त्यांचे नाव शहराच्या वेशीपलीकडे फारसे गेले नाही. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुडा येथील शाळा, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी काम केले. त्यानंतर शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांचा भार स्वतःकडे घेतला. पदवीधर शिक्षकाने आपण होऊन व्यायामाच्या तासाकडे वळावे, ही गोष्ट त्या काळी सहसा घडत नसे. आजही फारशी घडत नाही.

मैदानावरील मास्तर

१९४३ साली रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले. अखेरपर्यंत हे काम त्यांच्याकडेच होते. चिटणीस म्हटला की सभा, पत्रव्यवहार आणि हिशोब एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. रहीमसाहेबांनी या पदावरून शहरातील फुटबॉलची शाळाच उभी केली.

ती कशी, हे जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. मुलांचा खेळ पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, बहुतेक मुले एकाच पायाने खेळतात. उजवा पाय चालतो, तर डावा नुसता उभे राहण्यापुरता. म्हणून त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की, त्यांत फक्त कमजोर पायानेच चेंडू मारावयाचा. काही मुलांना चेंडू पायात घोळवीत राहण्याची हौस फार. सोबती मोकळा उभा असला तरी त्याच्याकडे चेंडू द्यावयाचा नाही. अशांसाठी त्यांनी चेंडू घोळविण्यास बंदी असलेले सामने ठेवले. चेंडू मिळाला की लगेच पुढे दिला पाहिजे, हा नियम. लहानखुऱ्या चणीची मुले धिप्पाड मुलांपुढे दबून जातात. त्यांच्यासाठी ठराविक उंचीच्या आतील मुलांच्या वेगळ्या स्पर्धा घेतल्या.

वाचकहो, आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी यात आपला धंदा लगेच ओळखला असेल. मूल ज्या विषयात कच्चे आहे तोच विषय त्याच्याकडून करवून घ्यावयाचा. पण तो शिक्षा म्हणून न करविता खेळ म्हणून करवावयाचा. हुशार मुलाला एकट्याने पुढे पळू न देता वर्गाला बरोबर घेण्यास शिकवावयाचे. मागे बसणाऱ्यालाही कधीतरी पुढे येण्याची संधी द्यावयाची. रहीमसाहेबांच्या हाताखालील संघ चेंडू जमिनीवरून, छोट्या छोट्या पासांनी, झटपट पुढे नेत. त्या नजाकतदार खेळाची मुळे या साध्या शालेय युक्त्यांत होती.

गरीब मुलांची त्यांना विशेष कदर होती. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळील अम्मुगुडा येथील एका गरीब घरचा मुलगा. त्याचा खेळ त्यांच्या नजरेत भरला, पण रोज हैदराबादला सरावास येण्याइतके पैसे मुलाजवळ नव्हते. रहीमसाहेबांनी त्याच्या सायकलीच्या भाड्याची व्यवस्था केली. हाच बलराम पुढे भारताच्या सर्वश्रेष्ठ आघाडीच्या खेळाडूंत गणला गेला. आपल्या मालवणात जन्मलेले क्रिकेटचे गुरू रमाकांत आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून मुलांकडून फलंदाजी करवून घेत, ही गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. दोघांचे खेळ वेगळे आणि काळही वेगळा, पण कधी कधी एका रुपयाचे मोल गुरूच्या हातून किती वाढते ते या दोन्ही गोष्टींतून दिसते.

कुपरेजची पाच वर्षे

१९५० साली रहीमसाहेबांकडे हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षण आले. त्या काळी मुंबईच्या कुपरेज मैदानावर होणारी रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील मानाची स्पर्धा होती. कलकत्त्याचे बलाढ्य संघ तेथे येत. हैदराबादच्या पोलिसांनी १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे हा चषक जिंकला. ज्या काळात आपल्या कोकणातील घराघरांतला एखादा माणूस मुंबईस गिरणीत, गोदीत किंवा बोटीवर नोकरीस होता, त्याच काळातील ही गोष्ट आहे. दिल्लीचा ड्युरँड चषकही या संघाने १९५० ते १९६१ या काळात चार वेळा पटकाविला. संतोष करंडकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत हैदराबादने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद मिळविले, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात मुंबईला हरविले.

हे खेळाडू कोणी श्रीमंत घरचे नव्हते. पोलिसातील शिपाईगडी, त्यांत मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती असे सर्वच. नूर महंमद, अझीझुद्दीन, पॅट्रिक, सुसाय, धर्मराज ही नावेच वाचावीत. संघ निवडताना रहीमसाहेबांनी फक्त पाय पाहिले.

देशाच्या संघाची धुरा

हैदराबादचे यश पाहून भारतीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९५१ च्या मार्च महिन्यात पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीस भरल्या. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध साहू मेवालालने एकमेव गोल केला आणि सुवर्णपदक भारताला मिळाले. शैलेन मन्ना हे त्या संघाचे कर्णधार होते. स्वातंत्र्य मिळून चार वर्षेही झाली नव्हती. त्या विजयाने देशाला किती आनंद झाला असेल याची कल्पना आपण करू शकता.

परंतु पुढच्याच वर्षी दैवाने उलटा फटका दिला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १० विरुद्ध १ असा दारुण पराभव केला. आपले काही खेळाडू तेथेही अनवाणी खेळले. थंड हवेत आणि ओल्या मैदानावर त्यांचा निभाव लागला नाही. या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

एखादा माणूस अशा अपमानानंतर घरी बसला असता. रहीमसाहेबांनी तसे केले नाही. विद्यार्थी नापास झाला की चांगला शिक्षक उत्तरपत्रिका उघडून कोठे चुकले ते पाहतो. परदेशी संघ कसे खेळतात, आपण कोठे कमी पडतो, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. बचावात चार, मध्ये दोन आणि आघाडीस चार ही मांडणी ब्राझीलने १९५८ साली जगाला दाखविली. ती आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय रहीमसाहेबांना दिले जाते.

त्या अभ्यासाचे फळ १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताची गाठ थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. १ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या या सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ४ विरुद्ध २ असे हरविले. त्यातील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाने केले. मुंबईकडून खेळणारा हा तरुण मूळचा आपल्या शेजारच्या गोव्यातील आसगावचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. येथेही पहिला गोल नेव्हिलनेच केला आणि काही काळ भारत आघाडीवर राहिला. अखेर ४ विरुद्ध १ असा पराभव झाला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला हरविले. तरीही ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक! फुटबॉलमध्ये ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. चार वर्षांपूर्वी ज्या युगोस्लाव्हियाने दहा गोल चढविले होते, त्यालाच आता मागे पडून झुंजावे लागले, ही प्रगती थोडी नव्हे.

१९६० साली रोमला भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. हंगेरीशी आपण केवळ एका गोलाने हरलो, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली, आणि पेरूविरुद्ध पराभूत झालो. या संघात रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही होते. परंतु त्यांना प्रत्यक्ष सामन्यात खेळण्याची संधी मिळाली नाही. प्रशिक्षकाचा मुलगा म्हणून वेगळी वागणूक नाही, हा न्याय घरापासूनच सुरू होत असे. हेच हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाले आणि आंतरराष्ट्रीय पंच म्हणूनही त्यांनी नाव कमाविले. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

जाकार्ता, १९६२

आता या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग सांगतो. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा इंडोनेशियातील जाकार्ता येथे भरल्या. त्या वेळी रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. तशा स्थितीत ते संघाबरोबर गेले. चुनी गोस्वामी कर्णधार होते, आघाडीस प्रदीपकुमार बॅनर्जी आणि बलराम हे त्यांचे जोडीदार होते.

सुरुवातच पराभवाने झाली. दक्षिण कोरियाने भारताला दोन गोलांनी हरविले. पुढे थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवून भारताने उपांत्य फेरी गाठली, पण त्याची किंमत मोजावी लागली. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावाचा मुख्य आधार असलेला जर्नैल सिंग याच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके घालावे लागले. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी पडला आणि त्याच्या जागी प्रद्युत बर्मनला उभे करावे लागले.

जखमी जर्नैलला बचावात ठेवावे तर धोका, आणि बसवून ठेवावे तर संघाची ताकद जाते. रहीमसाहेबांनी येथे जो निर्णय घेतला त्याने सर्वजण चकित झाले. त्यांनी जर्नैलला आघाडीच्या मधल्या जागेवर खेळविले आणि बचावातील त्याची जागा अरुण घोष यांच्याकडे दिली. हा जुगार नव्हता. पंजाबात कॉलेजात असताना जर्नैल आघाडीस खेळत असे, ही गोष्ट रहीमसाहेबांनी ध्यानात ठेवली होती. विद्यार्थ्याच्या दप्तरात मागच्या इयत्तेची कोणती वही आहे, हे ज्याला ठाऊक असते तोच खरा शिक्षक. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर भारताने ३-२ असा विजय मिळविला, आणि त्यातील एक गोल डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नैलचा होता.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी होता आणि समोर पुन्हा दक्षिण कोरिया. मैदानाबाहेरचे वातावरण फार बिघडले होते. यजमानांनी इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही, यावर भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. त्यामुळे जाकार्ताची जनता भारतीयांवर चिडली होती. आपल्या वकिलातीसमोर निदर्शने झाली. सुमारे एक लाखाचा जमाव मैदानावर जमला होता आणि तो भारतीय खेळाडूंची हुर्यो उडवीत होता.

आदल्या रात्री खेळाडूंना झोप येईना. रहीमसाहेब त्यांना घेऊन बाहेर फिरावयास गेले आणि त्यांनी त्यांच्याजवळ एकच मागणे मागितले, उद्या आपल्याला सुवर्णपदकाची भेट द्यावी, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत असत.

मुलांनी मास्तरांना ती भेट दिली. सामन्याच्या पहिल्या वीस मिनिटांतच प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नैल सिंग यांनी एकेक गोल केला. तापातून उठलेला उंचापुरा थंगराज पुन्हा गोलात उभा होता. कोरियाने अखेरीस एक गोल फेडला, पण भारताने सामना २-१ असा जिंकला. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. त्या लाखभर विरोधी लोकांत भारतीयांना टाळ्या वाजवून उत्तेजन देणारा एक छोटा गट होता, आणि तो होता पाकिस्तानच्या हॉकीपटूंचा. आदल्याच दिवशी त्यांनी हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताला हरविले होते!

पदके खेळाडूंच्या गळ्यात पडली. प्रशिक्षकाला पदक देण्याची पद्धत नसते. रहीमसाहेब बाजूला उभे राहून ते पाहत होते.

अखेर आणि त्यानंतर

जाकार्ताहून परतल्यावर आजार बळावत गेला. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हैदराबाद येथे रहीमसाहेबांचे निधन झाले. प्रशिक्षकांना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. कित्येक वर्षे त्यांचे नाव फुटबॉलच्या जाणकारांपुरतेच राहिले. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कोठे नव्या पिढीच्या कानावर ते नाव पडले.

१९७० साली बँकॉकला भारताने फुटबॉलमध्ये कांस्यपदक मिळविले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे कोणतेही पदक आपल्याकडे आले नाही. ज्या हैदराबादने एकेकाळी देशाला अर्धा संघ पुरविला, तेथील फुटबॉलही ओसरले. असे का झाले? कारणे पुष्कळ सांगितली जातात. पण मला एक कारण मुख्य वाटते. लोकांनी रहीमसाहेबांची पदके लक्षात ठेवली आणि त्यांची शाळा विसरले. कमजोर पायाच्या स्पर्धा, लहान चणीच्या मुलांचे सामने, सायकलीचे भाडे, या गोष्टी वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापल्या जात नाहीत. परंतु जाकार्ताचे सुवर्णपदक याच गोष्टींच्या खाणीतून निघाले होते. खाण बुजली की सोने कोठून येणार?

वाचकहो, आता थोडे आपल्या घराकडे वळू. ओहोटीच्या वेळी आपल्या किनाऱ्यावर फेरफटका मारा. ओल्या पुळणीवर दोन चपला इकडे, दोन चपला तिकडे ठेवून गोल केलेला असतो आणि दहा-पंधरा मुले बेभान होऊन चेंडूमागे धावत असतात. त्यांत एखादा बलराम असेलही. त्याला ओळखणारा कोणी तेथे उभा असतो का? शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो, पण सहामाही जवळ आली की तो गणिताला किंवा इंग्रजीला जातो. दुसऱ्यांना बोल कशाला लावू? दहावीच्या वर्गासाठी असा तास मीही अनेकदा मागून घेतला आहे, आणि मैदानाकडे निघालेल्या मुलांचे उतरलेले चेहरे पाहूनही फळ्याकडे वळलो आहे. रहीमसाहेबांचे चरित्र वाचल्यापासून मात्र तसे करताना हात थबकतो.

आपली संस्था मुलामुलींना शिकविण्यासाठी आहे. गणित, विज्ञान, भाषा यांचे महत्त्व कोणी कमी लेखू नये, आणि रहीमसाहेबांनीही लेखले नाही. ते स्वतः पदवीधर होते. परंतु प्रत्येक मुलाचा एक पाय बळकट असतो आणि एक कमजोर, हे त्यांनी ओळखले होते. एखाद्याचा बळकट पाय पुस्तकात असेल, दुसऱ्याचा मैदानात. दोन्ही पायांवर उभे राहावयास शिकविणे हेच शिक्षकाचे काम. त्यासाठी फार पैसा लागत नाही. लागते ते थोडे मोकळे मैदान, एखादा चेंडू, आणि शाळा सुटल्यावर तासभर थांबणारा मास्तर.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे की, संध्याकाळी मूल घामाघूम होऊन घरी आले तर त्याला रागावण्यापूर्वी कोणत्या जागेवर खेळलास, हे एकदा विचारावे. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती ही की, खेळाचा तास खेळासाठी सोडावा. ती विनंती मी प्रथम स्वतःला करीत आहे.